‘नॉर्मल आहे’ हे सांगणार कोण?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. घरात लग्नाची मुलगी, बहीण, भाची, सून असेल तर तिलाही वाचायला द्या. मुलगा असेल तर त्यालाही द्या. जबडा टोकदार करायच्या नादात आता पोरंही त्याच खुर्चीत बसायला लागलीत.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. इथं गिरणी चालवणारे एक गृहस्थ माझे पंधरा वर्षांपासूनचे मित्र. सोमवारी संध्याकाळी ते माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. बसले, पाणी प्यायले आणि मोबाईल पुढं केला. म्हणाले, “भाऊ, जरा बघा. हे असंच असतं का?”

फोटो त्यांच्या थोरल्या मुलीचा होता. वय तेवीस, बी.कॉम. झालेली, मला लहानपणापासून काका म्हणते. वरचा ओठ सुजलेला. डाव्या बाजूला ओठापासून नाकाच्या पुडीपर्यंत जांभळट, जाळी पसरल्यासारखा डाग आणि त्यावर पुवाच्या बारीक फोडी.

शनिवारी संध्याकाळी तिनं गावातल्याच एका पार्लरमध्ये ओठांत फिलर भरून घेतला होता. बुधवारी पाहुणे बघायला येणार होते. मागच्या वेळी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी जाता जाता म्हणालं होतं, “मुलगी चांगली आहे, पण ओठ फारच बारीक.” एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर पोरीनं शिकवणीचे साठवलेले सहा हजार रुपये घातले. मोठ्या शहरात डॉक्टरकडं एका मिलीला वीस-पंचवीस हजार पडतात. इथं ‘ब्रायडल ऑफर’ होती, ५,९९९.

शनिवारी रात्रीच डावी बाजू पांढरी पडली आणि ठणकायला लागली. तिनं पार्लरवालीला फोन केला. उत्तर आलं, “नॉर्मल आहे गं. सूज येतेच. बर्फ लाव.” रविवारी डाग जांभळा झाला. “नील पडलाय, नॉर्मल आहे.” सोमवारी फोडी आल्या. “पिंपल्स आहेत, हात लावू नको, नॉर्मल आहे.” ते सगळे व्हॉईस मेसेज मी नंतर ऐकले. ‘नॉर्मल’ हा शब्द किती वेळा आला ते मोजलं. अकरा वेळा.

खोटं कशाला बोलू, फोटो बघून मलाही काही कळलं नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, मला ओठातल्या रक्तवाहिन्यांचं काय ठाऊक? मुलीला विचारून फोटो सोलापूरच्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचाच फोन आला. “ही सूज नाही. रक्त अडलंय. आत्ताच्या आत्ता निघा.” आणि मग त्यांनी विचारलं, “तुमच्या गावात डोळ्यांचा दवाखाना आहे का?”

मला वाटलं, चुकून बोलले. चुकून नव्हतं. ते का ते पुढं सांगतो. आधी सूज म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळा घोळ याच एका शब्दाच्या आडोशानं चाललाय.

फिलर म्हणजे जेल. सर्वात जास्त वापरला जातो तो हायलुरोनिक ॲसिडचा. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. कंपनी त्याचे धागे एकमेकांत गुंतवून घट्ट जेल बनवते, म्हणजे तो काही महिने टिकतो. हा जेल सुईनं आत गेला की दोन गोष्टी होतात. सुईची इजा होते आणि जेल आजूबाजूचं पाणी ओढतो. म्हणून सूज येते. ती प्रत्येकाला थोडीफार येतेच, आणि ओठांना सगळ्यात जास्त, कारण तिथली कातडी नाजूक आणि रक्तपुरवठा भरपूर.

तेव्हा “सूज येतेच” हे पार्लरवालीचं वाक्य खोटं नाही. अर्ध खरं आहे, आणि घात त्या अर्ध्यानंच केला.

साधी सूज कशी वागते? पहिल्या एक-दोन दिवसांत वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून घाबरायला होतं. तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागते, आठवड्यात बरीचशी जाते. नील पडला असेल तर तो हिरवट-पिवळा होत आठ-दहा दिवसांत मिटतो. ओठांचा खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो, म्हणून त्याआधी “अजून थोडं भरा” म्हणायचं नसतं. दुखलं तर हलकं, दाबल्यावर दुखतं, आणि दर दिवसाला कमी होतं. उशी उंच घ्यायची, पहिले एक-दोन दिवस जिम, दारू, वाफ, कडक ऊन टाळायचं, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय चोळायचं नाही. बस्स. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ओठ भरून घ्यायचेच नसतात, हे कुठलाही जाणता डॉक्टर पहिल्यांदा सांगतो. आमच्याकडं त्यालाच ‘ब्रायडल ऑफर’ म्हणतात.

आता दुसरी बाजू. जेल रक्तवाहिनीत शिरला, किंवा बाहेरून तिला दाबून बसला, तर पुढच्या भागाचं रक्त थांबतं. शेताला पाणी देताना पाइपात गाळ अडकल्यावर पुढचा वाफा कसा वाळतो, तसंच. आधी जागा पांढरी पडते. मग जांभळी, जाळीदार. ठणका सूज दिसते त्या मानानं खूप जास्त असतो आणि वाढत जातो. कधी जागा गार लागते. बोटानं दाबून सोडलं तर रंग लगेच परत येत नाही. दोन-तीन दिवसांत पुवाच्या फोडी येतात, बघणाऱ्याला त्या मुरमांसारख्या वाटतात. त्यानंतर कातडी काळी पडून मरते. अशा वेळी बर्फ लावला की आधीच अडलेल्या वाहिन्या आणखी आवळतात. डॉक्टर उलट कोमट शेक देतात. म्हणजे आमच्या पोरीनं दोन दिवस मन लावून जे केलं, ते नेमकं उलटं होतं. सांगितलेलं ऐकत होती बिचारी.

आणि हे ओठापुरतं नाही. दोन भुवयांच्या मधली जागा आणि नाक, या तर सर्वात धोक्याच्या जागा. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिन्यांशी संबंध आहे. जेल उलटा सरकून डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिनीत गेला तर दृष्टी जाते. डोळ्याचा पडदा रक्ताशिवाय तास-दीड तासापेक्षा जास्त तग धरत नाही. आमच्या गावातून सोलापूरला जायलाच दीड तास लागतो. हिशोब तुम्हीच करा. हे क्वचित होतं, मान्य. पण झालं तर समोरच्याला ते त्याच खुर्चीत, त्याच मिनिटाला ओळखता आलं पाहिजे. फोनवर “नॉर्मल आहे” म्हणणाऱ्याला ते कसं कळणार?

आता डोळ्यांच्या दवाखान्याचं.

हायलुरोनिक ॲसिडच्या जेलवर उतारा आहे. हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन. ते जेल विरघळवतं. रक्त अडल्याचं वेळेत ओळखलं आणि हे भरपूर प्रमाणात, लागलं तर तासातासानं टोचलं, तर बहुतेक वेळा कातडी वाचते. हे औषध नवं नाही, दुर्मिळ नाही, आणि फिलरच्या किमतीच्या मानानं अगदी स्वस्त आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याभोवती भूल देतात, ती नीट पसरावी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर तेच वापरतात. सोलापूरच्या डॉक्टरांकडं त्या रात्री दोनच व्हायल होत्या. म्हणून त्यांनी विचारलं.

आमच्या गावातले डोळ्यांचे डॉक्टर रात्री नऊ वाजता जेवण टाकून खाली आले, दवाखाना उघडला, शिल्लक होत्या त्या चार व्हायल हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या दवाखान्यापासून ते पार्लर किती लांब आहे, मी दुसऱ्या दिवशी चालून मोजलं. साडेतीनशे पावलं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, ओठ पांढरा पडला तेव्हा, उतारा साडेतीनशे पावलांवर होता. ज्या बाईनं सुई मारली तिला असा काही उतारा असतो हेच माहीत नव्हतं.

रात्री अकराला सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी रात्रभर तासातासानं इंजेक्शनं दिली. पहाटे डागाच्या कडा गुलाबी व्हायला लागल्या तेव्हा मुलीची आई बाकावर बसल्या बसल्या रडायला लागली. बरंचसं वाचलं. पण दोन दिवस वाया गेले होते. ओठाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा राहिलाय, तो राहणार. बुधवारचे पाहुणे अर्थातच आले नाहीत. “मुलीला काहीतरी त्वचेचा रोग आहे म्हणे,” असं गावात त्यांच्या आधीच पोचलं होतं.

इथंवर वाचून काहीजण कमेंटमध्ये काय लिहिणार ते मला पाठ आहे. “हौस कुणी सांगितली होती?” “देवानं दिलेलं रूप नको, मग भोगा.” २०२५ च्या जुलैमध्ये उर्फी जावेदनं ओठांतला जुना फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ स्वतःच टाकला होता. चेहरा टम्म सुजलेला. आपल्या गावातल्या ग्रुपांवर त्याची किती टिंगल झाली, आठवतंय ना? मीही हसणारा इमोजी टाकला होता. हसण्याच्या नादात त्यातली कामाची गोष्ट आपण सोडून दिली. फिलर विरघळवता येतो, विरघळवतानाही सूज येते, आणि ते काम डॉक्टरकडं बसून करायचं असतं. एका नटीनं लाज न बाळगता जे दाखवलं ते आपण मीम म्हणून बघितलं. माहिती म्हणून बघितलं असतं तर शनिवारी रात्री कुणाच्या तरी डोक्यात घंटा वाजली असती.

हौशीचं म्हणाल तर मी स्वतः मिशीला कलप लावतो. तुमच्यातले निम्मे लावतात. पोरीला बघायला येणारे ओठांची जाडी मोजणार, मुलगा मात्र पोट सुटलेला चालणार, आणि वर हौस तिचीच म्हणायची? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्यानं ओठ बारीक म्हटलं तो घरी सुखात आहे. जिनं सुई मारली तिचं पार्लर परवाच पुन्हा उघडलं. तोंड लपवून बसलीय ती एकटी पोरगी.

आता कायद्याकडं येऊ. कारण “कायदाच नाही हो” असं सगळीकडं ऐकायला मिळतं, आणि तेही अर्धच खरं आहे.

फिलर ही क्रीम नाही, पावडर नाही. आपल्या देशात तो वैद्यकीय उपकरण म्हणून २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतो. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात परवान्याचा क्रमांक, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत असलीच पाहिजे. राज्यात हे बघायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं. दुसरं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ३४. नोंदणी नसताना वैद्यकी केली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा आहेच. तिसरं, याच आयोगानं २०२२ मध्ये सौंदर्याचे उपचार आणि केस प्रत्यारोपणाबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर बघून प्रशिक्षण पुरं होत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. लक्षात घ्या, हे डॉक्टरांना सांगितलंय. डॉक्टरलाही बघून शिकणं पुरत नसेल, तर तीन दिवसांच्या कोर्सचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट भिंतीवर लावणाऱ्यांचं काय बोलायचं?

दातांच्या डॉक्टरांनी फिलर करावा का, आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांनी करावा का, यावर डॉक्टरांच्या संघटनांत भांडणं आहेत. त्यात मी पडत नाही. पण त्या भांडणात पार्लरवाली कुठल्याच बाजूला बसत नाही. तिच्या हातात सुई देणारा नियम कुठल्याच कागदावर नाही.

मग कारवाई का होत नाही? मी तीन सरकारी दारं फिरलो. नावं घेत नाही, कारण तिथले लोक वाईट नाहीत आणि उत्तरं सगळीकडं सारखीच मिळाली असती. पहिल्या दारात म्हणाले, “ते पार्लर आहे, दवाखाना नाही. आमच्या यादीत येत नाही.” दुसऱ्या दारात, “आम्ही औषधाची दुकानं बघतो. ते दुकान नाही.” तिसऱ्या दारात, “मुलीला तक्रार द्यायला सांगा. आधी मेडिकल अहवाल आणा.” आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. गिरणीवाल्याच्या मुलीच्या बाबतीत ही म्हण वापरताना मला बरं वाटत नाही, पण दुसरी सुचत नाही.

भोक कुठं आहे ते बघा. महाराष्ट्रातला १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांची नोंदणी करतो. पार्लरमध्ये खाट नाही, खुर्ची आहे. दवाखान्यांची नोंदणी करणारा केंद्राचा २०१० चा कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही. चार माणसं कामाला असलेल्या दुकानाला दुकान कायद्याखाली नुसती सूचना दिली की झालं, आत काय चालतं ते कुणी विचारत नाही. म्हणजे सुई मारणं गुन्हा आहे, पण ती मारली जाते ती खोली कुणाच्याच वहीत नाही. पोरीचा ओठ या वह्यांच्या मधल्या फटीत सापडला.

बाहेरच्या देशात सगळं छान आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली सर ब्रूस केओ यांच्या समितीनं सरकारला सांगितलं होतं की फिलर घेणाऱ्या माणसाला कायद्याचं संरक्षण साधं पेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकंच आहे. तिथंही अठरा वर्षांखालच्यांना फिलर द्यायला बंदी यायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याच महिन्यात, सुई नसलेल्या, दाबानं जेल आत मारणाऱ्या ‘हायलुरॉन पेन’पासून लांब राहा असा इशारा दिला. आणि तो पेन आज आपल्याकडं मोबाईलवरून मागवता येतो, घरपोच. इशारे इंग्रजीत राहतात, माल मात्र मराठी मुलखात बरोबर पोचतो.

आता माझ्याबद्दल. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग पोस्टला अर्थ उरला नसता.

त्या पार्लरच्या उद्घाटनाची बातमी मी लावली होती. माझ्याच पोर्टलवर. ‘आता महानगरातील अत्याधुनिक सौंदर्य उपचार आपल्या शहरात’, मथळा माझाच. फीत कोण कापतंय, पेढे कुणी वाटले, सगळं लिहिलं. इंजेक्शन कोण देणार, हा एक प्रश्न विचारला नाही. त्यानंतर दिवाळीची जाहिरात घेतली, तीन हजार रुपयांची. मुलीनं ती ऑफर कुठं बघितली असं मी विचारलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. तिची आई म्हणाली, “भावजी, तुमच्याच पेजवर.”

तीन हजार रुपये. ते मी परत केले वगैरे सांगून मोठा होणार नाही. केव्हाच खर्च झाले, छपाईवाल्याचं देणं होतं. पण आम्हा गावोगावच्या पत्रकारांना एवढं तरी कळलं पाहिजे की बंगाली बाबाची आणि मूळव्याधीच्या जाहिरातीची जशी आपण टिंगल करतो, तशीच ही जाहिरात आहे. फक्त फॉन्ट चांगला आहे. आजपासून माझ्याकडं सुई, लेझर, इंजेक्शन असलेली कुठलीही जाहिरात करणाऱ्या डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय लागणार नाही. बातमीच्या नावाखालीही नाही. आमच्या तालुक्यातल्या बाकी मंडळींनी हेच करावं. तीन-तीन हजारांनी आपण श्रीमंत झालो नाही, होणारही नाही.

पार्लर चालवणाऱ्या ताईंनाही दोन शब्द. तुमच्या धंद्यावर माझा राग नाही. आमच्या गावात चाळीसेक बायकांचं घर पार्लरवर चालतं. भुवया करा, मेंदी काढा, नवरी सजवा, त्यात तुमचा हात कुठला डॉक्टर धरणार नाही. पण कातडीच्या आत जाणारी सुई तुमची नाही. तुम्हाला तीन दिवसांचा कोर्स विकणारा पुण्या-मुंबईचा माणूस पैसे घेऊन गेला, खटला झाला तर उभं तुम्हाला राहायचंय. त्यानं तुम्हाला जेल विकला, उतारा विकला नाही. का विकला नाही, हे त्याला विचारा.

खुर्चीत बसणाऱ्यांनी एवढं बघा. समोरच्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि वैद्यक परिषदेच्या वेबसाईटवर तपासा. जेलचं खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. आत बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते तुमच्या कागदावर चिकटवून घ्या. जेल कशाचा आहे ते विचारा, कारण उतारा फक्त हायलुरोनिक ॲसिडवर चालतो. सिलिकॉन किंवा दुसरं काही भरलं असेल तर तो काही कामाचा नाही. उतारा इथं, या खोलीत आहे का, तो डोळ्यांनी दाखवायला सांगा. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोण उचलणार आणि कुठं यायचं, ते आधी ठरवा. या प्रश्नांना जो चिडेल त्याच्या खुर्चीतून उठा. पैसे बुडाले तरी उठा.

आणि झालंच काही, तर “नॉर्मल” ऐकून झोपू नका. पांढरं पडणं, जांभळी जाळी, वाढता ठणका, अंधुक दिसणं, डोळा दुखणं, जीभ-घसा सुजणं, श्वास लागणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच मिनिटाला मोठा दवाखाना गाठायचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या जागी लाल, गरम, टणक गाठ आली तरी डॉक्टरला दाखवा. फिलरचा त्रास उशिरानंही होतो. आणि डॉक्टरपासून लपवू नका की फिलर केलाय. लाजेपायी “किडा चावला” सांगणाऱ्यांचा वेळ तिथंच जातो.

सरकारकडं मागणी फार मोठी नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोधायची समिती असते. तिच्या यादीत इंजेक्शन देणारी पार्लर, स्किन स्टुडिओ, ‘ॲस्थेटिक’ पाट्या घाला. अन्न व औषध प्रशासनानं या खोल्यांतले फ्रीज उघडून खोकी बघावीत. नगरपरिषदेनं पाटीवर उपचाराचा शब्द असेल तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक त्याच पाटीवर सक्तीचा करावा. आणि राज्यानं खाट नसलेल्या दवाखान्यांच्या नोंदणीचं भिजत घोंगडं एकदाचं उचलावं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, एक जीप आणि एक दिवस लागतो. त्यासाठीचं निवेदन मी सोमवारी देतोय. सही करायची असेल त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात या.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. सूज नॉर्मल असू शकते. पण ती नॉर्मल आहे हे सांगायचा हक्क त्यालाच, ज्याला नॉर्मल नसलेली ओळखता येते आणि ज्याच्या कपाटात उतारा आहे. बाकी कुणी हा शब्द तोंडातून काढू नये.

सुरुवातीला तिच्या आईनं हात जोडले होते, “भावजी, बातमी करू नका हो, लग्न मोडेल पोरीचं.” मी केली नाही. ही पोस्ट लिहायला त्या मुलीनंच सांगितलं. परवा ऑफिसात आली होती, तोंडावर मास्क. म्हणाली, “काका, माझं नाव नको, पण लिहा. माझ्या मैत्रिणीनं पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय, त्याच पार्लरची. मी सांगितलं तर म्हणते, तुझं नशीब खराब होतं.”

शनिवारला चार दिवस आहेत. शेअर करा.